सदतिसावा दिवस

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, सगळं त्यावरच. गेल्या वर्षी १२ जूनच्या चौकटीत मी पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं. त्या दिवशी माझं क्युरेटिंग झालं होतं, म्हणजे गर्भपिशवी आतून साफ केली होती.

नववा आठवडा होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. सकाळी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं. हातात गोळ्यांची पिशवी आणि दोन सूचना: दोन आठवडे जड उचलू नका, संबंध टाळा. पाळी कधी येईल हे कुणी सांगितलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही.

घरी मात्र प्रत्येकाचं वेगळं. सासूबाई म्हणाल्या, "लगेच राहू दे, मन रमेल." विट्याहून आईचा फोन, "वर्षभर नाव काढू नकोस, पिशवी कच्ची असते." दोघींचाही जीव तुटत होता. आईची आणखी एक पंचाईत झाली होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू करतात, अळिवाची खीर करतात. पण जिच्या मांडीवर बाळच नाही तिला काय करून घालायचं? "करू का गं लाडू?" असं तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

पतसंस्थेत मला चार दिवसांची रजा मिळाली. पाचव्या दिवशी काउंटरवर बसले तेव्हा अंगावरून जातच होतं. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यातच आहे, हे मला फार उशिरा कळलं. नोकरी करणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं म्हणून इथे लिहिते आहे.

आठ-नऊ दिवसांत रक्त थांबलं. सतराव्या दिवशी सकाळी ब्रश करताना मळमळलं आणि कपाटात उरलेली प्रेग्नन्सी किटची पट्टी मी काढली. दोन रेघा. दुसरी फिकट, पण होती. बाथरूमच्या बल्बखाली ती पट्टी मी किती वेळ धरून उभी होते कोण जाणे. आत कुणीतरी राहिलंय, सोनोग्राफीच चुकली, असलं काहीबाही मनात येऊन गेलं. बाहेरून नवऱ्याने दार वाजवलं तरी मला उत्तर देता येईना.

डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. गरोदरपणाच्या संप्रेरकाचा (हार्मोनचा) आकडा ६४ आला, आठ दिवसांनी ४. मग त्यांनी कागदावर उतरता डोंगर काढून समजावलं. गर्भामुळे तयार झालेलं संप्रेरक एका दिवसात जात नाही, काही आठवडे रेंगाळतं, म्हणून पट्टीवर रेघ उमटते. ते पुरेसं उतरलं की बीजांडकोश पुन्हा कामाला लागतो, स्त्रीबीज बाहेर पडतं, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. बहुतेकींना चार ते सहा आठवड्यांत येते, काहींना आठ लागतात. "आणि एक लक्षात घ्या," त्या म्हणाल्या, "स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे पहिली पाळी यायच्या आतही दिवस जाऊ शकतात. इतक्यात नको असेल तर काळजी घ्या." ही गोष्ट मला घरी सोडतानाच सांगायला हवी होती, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर मी चक्क पाळीची वाट बघू लागले. आठवीपासून जिच्या नावाने कपाळाला आठ्या पडायच्या, तिची. १८ जुलैला, सदतिसाव्या दिवशी, पहाटे कंबर भरून आली. रक्त नेहमीपेक्षा जास्त, गाठीही पडल्या. पहिल्या वेळी असं होऊ शकतं, हे ठाऊक होतं म्हणून घाबरले नाही. तासाला दोन पॅड भिजायला लागले, ताप आला किंवा घाण वास आला, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा. आमच्याकडे अजून पाळीत देवघरात जात नाहीत. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः पाणी तापवून गरम पाण्याची पिशवी माझ्या पोटावर ठेवली. काही बोलल्या नाहीत. मी आईला फोन केला. "आली का?" तिने आधी हेच विचारलं. बाकी सगळे "पुन्हा कधी?" विचारत होते.

दुसरी पाळी ३४ दिवसांनी आली, तिसरी २९. चौदाव्या दिवशी बीज सुटतं हे मी पाठ करून ठेवलं होतं, ते अर्धवट निघालं. चौदा दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीच्या आधीचे. चक्र ३४ दिवसांचं असेल तर तो दिवस विसाव्याच्या आसपास पडतो. त्या सुमाराला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला की तुटत नाही असा स्राव दिसतो. माझ्या चौकटीत आता त्यालाही फुली असते.

पिशवी खरवडली म्हणजे ती कायमची बाद झाली, ही भीती मला रात्री झोपू द्यायची नाही. मॅडमचं म्हणणं, अस्तराचा वरचा थर निघतो, तळाचा राहतो आणि तोच दर महिन्याला नवा थर उभा करतो. क्वचित कुणाला आत चिकटे धरतात, म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात. आठ आठवड्यांतही पाळी आली नाही, किंवा पूर्वीपेक्षा अगदीच कमी जायला लागलं, तर दाखवून घ्यायचं. दुर्बीण घालून हे चिकटे सोडवता येतात.

थांबण्याबद्दलही मी विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला सहा महिन्यांचा. नंतरच्या अभ्यासांत लवकर राहिलेल्यांना त्यामुळे जास्त धोका दिसला नाही. मॅडमनी एक पाळी येऊ द्या म्हटलं, तेही मुख्यतः तारखेचा हिशेब नीट लागावा म्हणून. बाकी माझ्या मनावर सोडलं. मन तयार व्हायला मला तीन पाळ्या लागल्या.

अजून राहिलेलं नाही. मी २९ ची आहे, वर्षभर प्रयत्न करून मग तपासण्या करू, असं ठरलंय.

थंडी पडल्यावर आईने एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला. स्टँडवर जाऊन मी तो उतरवून घेतला. वर वर्तमानपत्र, खाली डिंकाचे लाडू, मोजून एकवीस. फोनवर म्हणाली, "करू का म्हणून विचारत बसायलाच नको होतं मी." सकाळी फॉलिक ॲसिडच्या गोळीआधी एक खाते.