गिअरकेसमधलं पाणी: चोर सापडला असं वाटलं तेव्हा

आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या, गिअरकेसमधलं (प्रॉपेलरजवळची गिअरची पेटी) ऑइल बदलायला बसलो, खालचा स्क्रू थोडा सैल केला, तर आधी चमचाभर पाणीच आलं. मागून ऑइल आलं तेही दुधाळ. इंजिन दोन दिवस उभं होतं म्हणून पाणी तळाला बसलेलं दिसलं; नुकतंच चालवून काढलं असतं तर सगळं घुसळून एकजीव झालेलं असतं. आता मी ऑइल काढण्याआधी इंजिन रात्रभर सरळ उभं ठेवतो. वरचा स्क्रू न उघडता खालचा जेमतेम सैल करायचा आणि पहिले चार थेंब बघायचे.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला, दोन्ही स्क्रूंचे वॉशर बदलले. सगळ्यात सोपं काम तेच, आणि पुष्कळदा दोषही तिथेच असतो. माझ्या नशिबी तो नव्हता. दोन फेऱ्यांनंतर ऑइल परत पांढरं.

मग प्रॉपेलर काढला. मागच्या थ्रस्ट वॉशरच्या (प्रॉपेलरचा रेटा घेणारी चकती) आत गळाचा नायलॉन दोरा गुंडाळला गेला होता, घर्षणाने वितळून त्याचं कडक कडं झालेलं. असा दोरा सीलच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या शाफ्टभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठात शिरतो आणि रबर कापत जातो. चोर सापडला म्हणून मी खूश! बेअरिंग कॅरियर, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग आणि सील धरणारा भाग, बाहेर काढायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. खाऱ्या पाण्याने तो अ‍ॅल्युमिनियमच्या घरात असा धरला होता की पुलर लावून, बाहेरून गरम हवा मारून, थोडं थोडं करत हलवावा लागला. आतली दोन्ही सील आणि ओ-रिंग नवी घातली. ही दोन सील एकमेकांकडे पाठ करून बसतात: आतलं ऑइल अडवतं, बाहेरचं पाणी अडवतं. जुनी काढण्याआधी फोटो काढून ठेवला होता, नाहीतर मी एक नक्की उलटं बसवलं असतं.

चार फेऱ्या झाल्या. ऑइल पुन्हा दुधाळ. पूर्वीपेक्षा कमी, पण दुधाळच.

इथे अंदाज बांधणं बंद केलं आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. ऑइल काढून टाकलं, एका स्क्रूच्या भोकात गेज असलेला हातपंप जोडला, दुसरं भोक बंद केलं आणि मॅन्युअलात दिलेला, साधारण 10 पीएसआय दाब भरला. जोशात जास्त भरू नये. चांगली सीलसुद्धा जागेवरून सरकतात. जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. दहा मिनिटं काटा जागचा हलला नाही, बुडबुडा नाही. शाफ्ट फिरवून पाहिला, तरी नाही.

मग तोच पंप उलटा लावून व्हॅक्यूम दिला. काटा स्थिर. प्रॉपेलरचा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवला, आणि एका ठरावीक जागी आल्यावर काटा घसरला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथेच.

कारण नंतर डोक्यात शिरलं. आतून दाब दिला की आतल्या सीलचा ओठ शाफ्टवर आणखी घट्ट बसतो, म्हणजे परीक्षा त्याची होते. पाणी तर बाहेरून येतं. चालून तापलेली गिअरकेस थंड पाण्यात उभी राहिली की आतली हवा आक्रसते आणि पाणी ओढलं जातं. व्हॅक्यूममध्ये नेमकी तीच परिस्थिती तयार होते. ओढ असल्यामुळे इथे बुडबुडे दिसत नाहीत, म्हणून संशयाच्या जागी घट्ट ऑइलचा थेंब लावायचा. मागच्या सीलवर लावला आणि काटा थोडा वेळ थांबला. ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाकडून खाली येणारा उभा शाफ्ट) वरच्या सीलवर आणि गिअर बदलणाऱ्या रॉडच्या सीलवर लावून काही फरक पडला नाही. ती दोन संशयातून सुटली.

कॅरियर परत बाहेर. या वेळी सोपा आला, कारण मागच्या वेळी कडेला मरीन ग्रीस लावलं होतं. नवी सील धडधाकट होती. शाफ्ट पुसून त्यावर नख फिरवलं तर बाहेरच्या सीलचा ओठ टेकतो तिथे ते अडकलं. बारीक चर, एका बाजूला जास्त खोल. सील कितीही नवं आणा, टेकणार त्याच चरावर. पहिल्यांदा मी शाफ्टकडे पाहिलंच नव्हतं. दोरा सापडल्याच्या आनंदात कोण बघतो?

नवा शाफ्ट घ्यायची गरज पडली नाही. शाफ्टवर चढवायची पातळ स्टेनलेस स्लीव्ह मिळते, पण माझ्या कॅरियरमध्ये सील थोडं कमी खोल बसवायला जागा होती. ओठ जेमतेम दीड मिलिमीटर पुढे, कोऱ्या धातूवर आला. पुन्हा व्हॅक्यूम दिला, शाफ्ट दोन्हीकडे फिरवला, पंधरा मिनिटं बसून राहिलो. काटा ढिम्म.

ऑइल खालच्या भोकातून पंपाने भरलं, वरून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावला आणि त्यानंतर खालची नळी काढून पटकन खालचा. उलट केलं तर भरलेलं सगळं जमिनीवर.

दहा तास चालवल्यावर इंजिन रात्रभर उभं ठेवलं आणि सकाळी खालचा स्क्रू सैल केला. पहिला थेंब पारदर्शक, ऑइलच्याच रंगाचा. स्क्रूच्या चुंबकाला राखाडी मळ लागला होता, बोटांत चोळला तर किरकिर लागली नाही. पुसला, नवा वॉशर घातला, स्क्रू लावून टाकला.