धरायचं आणि गोळ्या द्यायच्या, एवढंच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "मानसोपचार वॉर्डात सिस्टरला काम काय? पेशंट आवरेनासा झाला की धरायचं आणि वेळेवर गोळ्या द्यायच्या, एवढंच ना?" हा प्रश्न नातेवाईक तर विचारतातच, सर्जरीच्या वॉर्डातल्या सिस्टरही विचारतात.

धरणं हे एकेकाळी खरंच सगळं काम होतं. तेव्हा तिथे नर्स नसायची, राखणदार असायचे. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ साली मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या झां-बाप्तिस्त प्युसँ याने. तो डॉक्टर नव्हता. त्याच इस्पितळात पेशंट म्हणून आला आणि बरा झाल्यावर तिथेच कामाला लागून वॉर्डाचा प्रमुख झाला. लोक श्रेय देतात डॉक्टर फिलिप पिनेलला, खुद्द पिनेलने प्युसँचं नाव लिहून ठेवलं असूनही! साखळीच्या जागी प्युसँने हात जखडणारे अंगरखे आणले, म्हणजे बांधणं काही संपलं नाही. पण पेशंटवर हात उगारायला त्याने नोकरांना बंदी केली आणि बरे झालेले पेशंट मदतीला घेतले. मला हे साखळ्या काढण्यापेक्षा मोठं वाटतं.

रीतसर प्रशिक्षण खूप उशिरा आलं. अमेरिकेत मॅक्लीन या मनोरुग्णालयात १८८२ साली मनोरुग्णांच्या नर्सेससाठी शाळा निघाली. १९५२ साली हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकी नर्सने नर्स आणि पेशंटमधलं नातं हाच उपचार आहे, अशी मांडणी केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचा वापर सुरू झाला. औषधाने माणूस बोलण्याइतका शांत होऊ लागला, तेव्हा त्याच्याशी बोलायचं कसं हे शिकणं भागच होतं.

भ्रम होणाऱ्याशी वाद घालायचा नाही आणि त्याच्या होला हो करायचं नाही. "मला तो आवाज ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय," एवढं म्हणायचं. मग आवाज काय सांगतोय ते स्पष्ट विचारायचं. उडी मार, अमक्याला मार असा हुकूम असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. चिडलेल्या माणसापासून दोन हात अंतर ठेवून, जरा तिरकं उभं राहायचं, त्याचा दाराकडचा रस्ता अडवायचा नाही. बोलणारा एकच. चौघं एकदम समजावायला लागले की हमखास बिघडतं.

एवढं करूनही बांधावं लागलंच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हात बांधले आहेत ते आमचे. साखळीला पूर्ण बंदी आहे. समोर धोका उभा असेल आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ बांधता येतं. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधणं बेकायदा आहे. प्रत्येक वेळी नोंद करायची आणि पेशंटच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवायचं. पट्टी मऊ हवी, तिच्याखाली बोट गेलं पाहिजे. ती कॉटच्या चौकटीला बांधायची. खालीवर होणाऱ्या कठड्याला बांधली तर कठडा हलवताच हात पिरगळतो. पालथं झोपवायचं नाही, छातीवर भार द्यायचा नाही, श्वास कोंडतो. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि ऊब बघायची, पाणी आणि लघवीचं विचारायचं.

आता गोळ्या. गोळी गालात दाबून ठेवायची आणि बाथरूममध्ये थुंकायची, ही युक्ती जुनीच आहे. काहीजण त्या साठवतात आणि एकदम घेतात. म्हणून पाणी पाजून जिभेखाली, दोन्ही गालांत बघायचं आणि पाच मिनिटं गप्पा मारत समोरच बसवायचं. पण का लपवतो, हे विचारल्याशिवाय ही राखणदारीच झाली. बहुतेकदा अंग जड होतं, वजन वाढतं, पुरुषांना लैंगिक त्रास होतो आणि लाजेने कुणी बोलत नाही. भ्रम आणि खवळणं शांत करणाऱ्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर एखाद्या तरुण पोराची मान वाकडी होते, डोळे वर चढतात. घरच्यांना वाटतं अंगात आलं. तो औषधाचा परिणाम असतो. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने सहसा उतरतो.

सर्वांत जागं राहावं लागतं ते मात्र उदासीनतेचा, म्हणजे डिप्रेशनचा पेशंट सुधारू लागल्यावर. मन अजून काळवंडलेलंच असतं, पण अंगात बळ आलेलं असतं. घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि आत्महत्येचा धोका नेमका तेव्हा वाढू शकतो. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. राउंडही ठोक १५ मिनिटांनी घेऊ नये, पेशंट घड्याळ लावून बसतो. अधेमधेही जावं, आणि ड्यूटी बदलताना वॉर्ड मोकळा सोडू नये.

घरी सोडताना लिथियम, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, चालू असलेल्याच्या घरच्यांना हे दोनदा सांगते: लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्या. मीठ एकदम तोडू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नका. जुलाब-उलट्या लागल्या, हात जोरात थरथरले किंवा झोक जाऊ लागला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठा.