शेजारच्याचं नाव

"मला पत्रकार व्हायचंय," ओळख करून देताना मी ठणकावून सांगितलं. बाळशास्त्री जांभेकर, त्यांचं पहिलं मराठी वृत्तपत्र 'दर्पण', ६ जानेवारी १८३२... तारखेसकट पाठ करून गेले होते.

सरांनी शांतपणे विचारलं, "छान. तुझ्या आधी जो बोलला, त्याचं नाव काय?"

मी गप्प. तो बोलत होता तेव्हा मी मनात माझीच वाक्यं जुळवत होते. त्याचा निळा शर्ट आठवत होता, वरचं बटण तुटलेला. नाव नाही.

वर्ग हसला. तो नाही हसला. (हे जास्त लागलं.)

मुलाखत म्हणजे प्रश्न विचारणं, असंच वाटायचं मला.

तास सुटल्यावर त्याला गाठून नाव विचारलं. सांगितलं आणि म्हणाला, "तुझं काय? माझं झालं, सुटलो बाबा, म्हणून पुढचं ऐकलंच नाही!"

पहिल्या दिवशी कुणी कुणाचं ऐकतं तरी का हो?