बर्फ कुणाच्या मालकीचा

शनिवार, 18 जानेवारी 2025, नॅशव्हिल

आज विली ओ'रीची तारीख. 1958 साली याच दिवशी तो बोस्टन ब्रुइन्सकडून मॉन्ट्रियलला खेळला आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. उजव्या डोळ्याने त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, आणि ते त्याने लपवून ठेवलं होतं. सकाळी हे वाचलं होतं, म्हणून असेल, पण दुपारी मंडळाच्या संक्रांतीला एका काकांनी जे म्हटलं ते जरा जास्तच लागलं. हातावर तिळगूळ ठेवत म्हणाले, "तुमच्या टेनेसी स्टेटला म्हणे आइस हॉकी सुरू करायचीय. पोरांना राहायला खोल्या नाहीत आणि हे बर्फावर निघाले!"

"तुमच्या" कशाला, तर मी कृष्णवर्णीयांच्या त्या विद्यापीठाजवळून रोज कामाला जाते म्हणून.

खोल्यांचं खोटं नाही. 2022 मध्ये जागा अपुरी पडली म्हणून तिथल्या मुलांना हॉटेलात ठेवावं लागलं होतं. पैशांचंही खरं. गेल्या शरद ऋतूत तर पगाराचेच वांधे झाले आणि राज्याने आधी मंजूर केलेल्या रकमेतले 43 दशलक्ष डॉलर खर्चायला मोकळे करून दिले. हॉकीची घोषणा झाली ती जून 2023 मध्ये, एनएचएलचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, नॅशव्हिललाच होता तेव्हा, इथल्या एनएचएल संघाच्या, प्रेडेटर्सच्या साथीने. एप्रिल 2024 मध्ये दुआंटे ॲबरक्रॉम्बी कोच म्हणून आले. टीम मात्र 2024 मध्ये उतरायची ती पुढे ढकलली. अजून एक सामना नाही. आणि हा क्लब दर्जाचाच संघ, एनसीएएच्या मुख्य आंतरविद्यापीठ स्पर्धांमधला नव्हे, हेही काकांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तर म्हणाले, "मग तर आणखीच कशाला?"

पण खोल्यांना पैसे का नाहीत, हा प्रश्न आमच्या मंडळात कुणी विचारत नाही. 1912 मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी राज्यपालांना पत्र लिहून कळवलं की तीसेक वर्षांत टेनेसी स्टेटला जेवढं द्यायला हवं होतं त्यापेक्षा सुमारे 2.1 अब्ज डॉलर कमी मिळाले. ज्याचं देणं थकवलंय त्यालाच काटकसर शिकवायची, ही आपल्याकडची सावकारी इथेही आहे.

रात्री भांडी घासताना वाटलं, या विद्यापीठाचा खेळ धावण्याचा, हा काही योगायोग नसावा. विल्मा रुडॉल्फ इथलीच. लहानपणी पोलिओ झालेली क्लार्क्सव्हिलची मुलगी, 1960 ला रोममध्ये तीन सुवर्णपदकं. रिलेतल्या चौघीही टायगरबेल्स, म्हणजे इथल्याच मुलींच्या धावण्याच्या संघातल्या. आणि कोच एड टेंपल मुलींना स्वतःच्या गाडीतून स्पर्धांना न्यायचे. ट्रॅक म्हणजे मातीचा गोल, त्यावरच्या रेषाही त्यांनी पदरच्या पैशाने आखून घेतलेल्या. मातीवर पदरमोड करून चॅम्पियन घडतात. बर्फावर कुणी कितीही पदरमोड केली तरी आधी छप्पर लागतं, जमिनीखाली थंडावा वाहून नेणाऱ्या नळ्या लागतात, विजेचं बिल भरणारं कुणी लागतं. मग स्केट्स, पॅड्स, मोडणाऱ्या स्टिक्स. आणि रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, सोयीची वेळ आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेली. नव्याने येणाऱ्याला उरते ती अर्ध्या रात्रीची नाहीतर पहाटेची.

"काळ्या पोरांना थंडीतला खेळ आवडत नाही" हे मी इथे ऐकलंय, आपल्याच लोकांकडून. कॅनडात हॅलिफॅक्सला 1895 मध्ये कृष्णवर्णीयांची स्वतंत्र हॉकी लीग होती, एनएचएलच्या वीसेक वर्षं आधी! आणि नॅशव्हिलला बर्फ कधी आला, तर 1962 मध्ये म्युनिसिपल ऑडिटोरियमच्या नव्या संघाबरोबर. संघाचं नाव काय, तर डिक्सी फ्लायर्स. डिक्सी म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचं लाडकं नाव. त्याच्या आदल्याच वर्षी टेनेसी स्टेटने फ्रीडम राइडमध्ये, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या प्रवासात, अटक झालेल्या आपल्याच 14 विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. (सन्मान केला तो 2008 मध्ये, मानद डॉक्टरेट देऊन.) त्या वर्षांत त्या मुलांपैकी कुणी स्केट्स बांधून "डिक्सी" ओरडायला का गेलं नाही, हे काय समजावून सांगायचं?

ॲबरक्रॉम्बींचं मला म्हणून जास्त महत्त्व वाटतं. ते वॉशिंग्टनच्या फोर्ट ड्युपाँट रिंकवरचे. तिथे नील हेंडरसन यांनी 1978 पासून वस्तीतल्या पोरांसाठी हॉकी क्लब चालवला. 2019 मध्ये अमेरिकन हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये हेंडरसन गेले, त्या मानाचे पहिले कृष्णवर्णीय. एक रिंक, एक हट्टी माणूस आणि चाळीसएक वर्षं: त्यातून नॅशव्हिलला एक कोच मिळाला. हा खरा हिशोब आहे, आणि तो कुठल्याही पत्रकार परिषदेत मावत नाही.

माझी धास्ती वेगळीच आहे. प्रेडेटर्सचं पाठबळ आज आहे. फोर्ड आइस सेंटरची रिंक्सही त्यांच्याच हातात. उद्या तिकडे कुणाची मर्जी फिरली तर? टेनेसी स्टेटचा स्वतःचा बर्फ नाही, आणि वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात असेल तर संघ पाहुण्यासारखाच राहणार. मला विचाराल तर संघाआधी नॅशव्हिलच्या उत्तर भागात शाळकरी पोरांसाठी एक रिंक हवी होती. पण मला कोण विचारतंय, आणि रिंक होईपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे काकांचंच म्हणणं जरा गोड करून सांगणं.

हे सगळं तिळगूळ खाता खाता बोलून झालं नाही, अर्थात. काकू मध्ये पडल्या. त्यांना हॉकीत रस नाही, पण टेनेसी स्टेटच्या बँडने 2023 मध्ये ग्रॅमी जिंकलं ते त्यांना पक्कं माहीत होतं. "पहिल्या मॅचला तो बँड वाजणार असेल तर मी येते," म्हणाल्या, "यांना घरी ठेवू." काकांनी लगेच विचारलं, तिकीट केवढ्याला असेल.