बेलारूसच्या खेड्यात आज्यांना भेटायचं असेल तर

वेत्का हे गाव गोमेल शहरापासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर आहे. त्या जिल्ह्यातल्या स्ताउबुनसारख्या काही खेड्यांत अजून ‘स्त्राला’ म्हणजे बाण पुरण्याचा विधी होतो. दिवस ठरलेला: ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार पहिला धरून चाळिसावा. 2026 मध्ये ईस्टर 12 एप्रिलला, म्हणून विधी 21 मेला. आपल्या कॅलेंडरवरचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळा असतो. तो धरून तिकीट काढलं तर फेरी फुकट जाते.

बायका एकमेकींचे हात धरून गात निघतात, वाटेत फेर धरतात आणि गावाबाहेर राय धान्याच्या शेतात पोचतात. तिथे खरा बाण नाही, तर नाणं, केसातली पिन असं काहीबाही मातीत पुरतात, गावावर वीज पडू नये म्हणून. फोटोसाठी रांगेच्या पुढे धावू नका. मागून चाला आणि बोलावलं तरच शेतात पाय ठेवा.

एरवी आज्या भेटतात त्या फिरत्या दुकानाच्या गाडीपाशी. ज्या खेड्यात दुकान नाही तिथे ही ‘आउतालाउका’ ठरलेल्या वारी येते. वार आधी विचारून ठेवा. बटाटे लावायचे दिवस आणि गवतकापणी टाळा. दुपार बरी, कारण सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात.

गाणी ऐकायची असतील तर “एखादं लोकगीत म्हणा” असं म्हणू नका. “राय कापताना काय म्हणायचात?” असं विचारा. वसंतातलं गाणं हिवाळ्यात म्हणायला पुष्कळ जणी नकार देतात, तेव्हा आग्रह नको. एकटी आजी “मला येत नाही” म्हणाली तर ते लाजणं नसतं. एकीनं उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं आणि एकीनं वरचा सूर लावायचा, अशी ही गाणी आहेत. तिघी-चौघी जमवा, रेकॉर्डर दोन हात अंतरावर ठेवा आणि गाणं कितीही लांबलं तरी मधे थांबवू नका. त्यांची बोली बेलारूसी-रशियन मिसळीची असते, म्हणून दुभाषा खेड्याशी नातं असलेलाच शोधा.

फुलं न्यायची तर विषम संख्येत. सम संख्या मयताला. चहा, गोड खाऊ चालतो. ताटात द्रानिकी येतील, बटाट्याच्या किसाच्या धिरड्यांसारख्या, पण त्या बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळतात. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा, ऐन पंगतीत नाही. आणि 1986 च्या चेर्नोबिल स्फोटाची झळ वेत्काला फार मोठी बसली आहे, त्यामुळे तिथल्या जंगलातली अळंबी आणि रानफळं तपासलेली नसतील तर खाऊ नका.