ते चित्र मी स्वतःच का पुसले

रत्नागिरीच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर मी रंगवलेले मासळी विकणाऱ्या काकींचे चित्र मीच पांढऱ्या रंगाखाली का घातले, हे मला इतक्या जणांनी विचारले आहे की आता ते एकदाच लिहून टाकते. कुणाचा दबाव आला का, मालकाशी बिनसले का, चित्र खराब झाले होते का, असे तर्क माझ्याही कानावर आले. यांतले काहीच खरे नाही. भिंत पश्चिमेची असली तरी पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री बांधली जात होती आणि रंगाला अजून पोपडे धरले नव्हते. चित्र पुसायला मला काकींनी सांगितले.

त्यांची संमती घेतली नव्हती का, हा यावरचा ठरलेला प्रश्न. घेतली होती आणि त्यांनी ती मनापासून दिली होती. रेखाटनाच्या वेळी त्यांच्या हातात बांगडा दाखवावा असे माझ्या मनात होते. "काढायचीच तर सुरमई काढ, बाय," हे त्यांचे म्हणणे. चित्र पूर्ण झाल्यावर नातवंडांना त्यांनी मुद्दाम आणून दाखवले. पुढे फोटो काढणारे येऊ लागले, त्याचाही त्यांना सुरुवातीला आनंदच होता.

एका सकाळी मी तिथे असताना गाडीतून काही मंडळी उतरली. त्यांनी काकींना चित्राखाली उन्हात उभे केले. मासळीची टोपली फोटोत मध्ये येते म्हणून एकाने ती उचलून गटाराच्या कडेला ठेवली. मग बर्फातली सगळ्यांत मोठी सुरमई काढायला लावून ती चित्रातल्यासारखी धरायला सांगितली, एक हात डोक्याखाली आणि दुसरा शेपटीशी, आणि प्रत्येकाने काकींच्या शेजारी उभे राहून आपापला फोटो काढून घेतला. नेहमीचे एक गिऱ्हाईक हातात पिशवी घेऊन थांबले, वाट पाहिली आणि पुढे निघून गेले. मंडळींनी आभार मानले, भाव विचारला नाही. गाडी गेल्यावर काकींनी सुरमईचा कल्ला उघडून पाहिला, पाठीवर बोट दाबले आणि ती टोपलीच्या तळाशी सरकवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाय, माझं तोंड भिंतीवरनं काढ. मला धंदा करायचाय."

मी लगेच हो म्हटले नाही. फोटो काढू नयेत अशी पाटी लावू, चेहरा तेवढा बदलू, असे पर्याय मी पुढे केले आणि ते मी चित्र वाचवण्यासाठीच करत होते. त्यांनी ऐकून घेतले. "तोंड बदललंस तरी उभी मलाच करणार," एवढेच उत्तर आले. मालकांना चित्र हवे होते. अखेर, पांढरा रंग माझ्या खर्चाने द्यायचा, या अटीवर ते तयार झाले.

रंग ओघळतो म्हणून भिंत वरून खाली रंगवतात, त्यामुळे सुरुवात चेहऱ्यापासूनच करावी लागली. परांचीवर उभी राहून मी कपाळावरून रोलर फिरवला तेव्हा हात थरथरत होता, हे लपवत नाही. पहिला हात वाळल्यावर गडद रंग खालून डोकावू लागले. काकी टोपली घेऊन जाताना क्षणभर थांबल्या, वर पाहिले आणि म्हणाल्या, "डोळे राहिलेत बघ." डोळ्यांवर मी आणखी दोन हात दिले.

जाणकार मित्र मला अमरनाथ सेहगल यांचा खटला ऐकवतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली उतरवले आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल देऊन पाच लाख रुपये भरपाई मंजूर केली. त्याच न्यायालयाने २०१९ साली, दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या पाडलेल्या हॉल ऑफ नेशन्स या प्रदर्शनाच्या इमारतीबाबत, मालकाला स्वतःची इमारत पाडण्यापासून वास्तुरचनाकार अडवू शकत नाही असेही म्हटले. दोन्हीकडे वाद कलावंत आणि मालक यांच्यातला होता. चित्रातल्या माणसाला काय वाटते, हा प्रश्न तिथे उद्भवलाच नव्हता. माझ्यापुढे मात्र तोच उभा होता.

२०१७ साली मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदरात भरलेला कलाप्रकल्प पाहून आले तेव्हा मी ठामपणे म्हणत असे की चित्र भिंतीवर गेले की ते सगळ्यांचे होते. दिल्लीतल्या, भिंतीभिंतीवर चित्रे असलेल्या लोधी कॉलनीचे उदाहरणही मीच देत असे. पण तिथल्या भिंती सरकारी वसाहतीच्या आहेत. त्यांवरच्या चेहऱ्याला रोज त्याच चेहऱ्याखाली बसून मासळी विकायची नसते. बंदराच्या रस्त्यावर 'सगळ्यांचे' याचा अर्थ गाडीतून उतरणाऱ्यांचे अधिक आणि काकींचे कमी, असा निघाला.

तरीही तेव्हाची मी अगदीच खोटी नव्हते. आपल्या गावांत भिंतीएवढे चेहरे दिसतात ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांचे. त्यांच्यामध्ये एका मासळी विकणाऱ्या बाईचा चेहरा तेवढाच मोठा असावा, हे मला आजही हवे आहे आणि तो आता तिथे नाही याचे दुःखही आहे. शिवाय एक मैत्रीण विचारते, उद्या एखाद्या बड्या माणसाने स्वतःला न आवडणारे चित्र पुसायला लावले आणि तुझाच दाखला दिला, तर? तेव्हा मी त्याला कोणत्या तोंडाने अडवणार, हे मला सांगता येत नाही. काकींच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, त्याचा नाही, असे मी म्हणेन; तेवढ्याने तो थांबेल असे वाटत नाही. पण काकींना नाही म्हणणे मला त्या सकाळी जमण्यासारखे नव्हते आणि आजही जमणार नाही.