काकूंचा डबा

जालना. रात्रीचे साडेअकरा.

डबा अजून ओट्यावरच आहे. सहा धपाटे होते, वर दह्याची वाटी. जेवताना ह्यांनी दोन घेतले. माझा हात पुढे झाला नाही.

संध्याकाळी समोरच्या काकू दारात आल्या. त्यांच्या नातवाला, छोटूला, दवाखान्यातून घरी आणलं. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुह्या देवानं ऐकलं बरं, माय. तू रोज मागितलंस म्हून." मी म्हणाले, "देवाची कृपा, काकू." आणि डबा घेतला.

मी मागितलंच नव्हतं. एकदासुद्धा नाही.

नळाला पाणी आलं होतं त्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं. डेंग्यू आहे, पेशी उतरल्यात, संभाजीनगरला नेतोय. "तुमच्यात करतात ना गं प्रार्थना, माझ्या लेकरासाठी कर." मी हो म्हणाले. "प्रार्थनेत आठवण ठेवते" हे आपल्या तोंडून किती पटकन निघतं, वाटेत भेटलेल्याला सलाम म्हटल्यासारखं. पाणी भरलं, घरात आले, विसरले.

खोटेपणा तर झालाच. पण नुसता तोच टोचत असता तर आत्ता झोप लागली असती.

दोन वर्षं मी एकच गोष्ट मागतेय. कोणती ते इथे लिहीत नाही. उपास केले, चर्चच्या बुधवारच्या सभेत सगळ्यांसमोर उभी राहून रडले. येशूनं सांगितलेल्या दाखल्यातली ती विधवा न्यायाधीशाची पाठ सोडत नाही, तशी मीही सोडली नाही. आणि मिळालं कोणाला? ज्याच्यासाठी मी तोंडही उघडलं नाही, त्याला. छोटू बरा झाल्याचं ऐकलं तेव्हा आनंदाच्या आधी माझ्या मनात हे आलं. लिहायला लाज वाटतेय, पण खरं तेच आहे.

प्रेषित पौलानंही शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर आलं. पाळकसाहेब हे सांगतात तेव्हा मी मान हलवते. घरी आल्यावर मात्र... जाऊ दे.

छोटू माझ्या प्रार्थनेवाचून बरा झाला. मग मी केली असती तर काय वेगळं झालं असतं? बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय काढून बसले. मागण्याआधीच तुमची गरज पित्याला ठाऊक आहे, असं प्रभू आठव्या वचनात म्हणतो. आणि नवव्या वचनात लगेच प्रार्थना शिकवायला लागतो. ठाऊक आहे म्हणून मागू नका, असं तो म्हणत नाही. इथे मी बराच वेळ अडकले.

मग आजी आठवली. आजी जालन्याजवळच्या बेथेलची, मिशनरी नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावची. पहाटे चूल पेटवायच्या आधी गोधडीवरच गुडघे टेकायची आणि एकेक घर घ्यायची. अमकीची लेक बाळंतपणाला आलीय, तमक्याचा बैल बसलाय, त्या म्हातारीला दिसत नाही. गल्लीतून चालत निघाल्यासारखी. लहानपणी मला वाटायचं, आजी देवाला गावच्या बातम्या सांगते. पण उजाडलं की ती त्याच घरांत जायची. बाळंतिणीकडे तूप घेऊन, म्हातारीकडे नुसती बसायला. पहाटे ज्याचं नाव घेतलं, त्याच्या दारावरून तिला तसंच पुढे जाता यायचं नाही.

मी रोज नाव घेतलं असतं, तर एकदा तरी फोन करून पेशी किती झाल्या ते विचारलं असतं. काकूंच्या दाराला अठरा दिवस कुलूप होतं. मी रोज त्याच्यासमोरून भाजी आणली.

झोपताना प्रभूची प्रार्थना तेवढी चुकत नाही. त्यात 'मी' नाही, 'मला' नाही. आमच्या पित्या, आमची भाकर, आमचे अपराध. त्या 'आमच्या'त छोटू होता का? या विचारानं मघाशी जरा बरं वाटलं, मग वाटलं ही पळवाट आहे. अगदीच पळवाटही नसेल. मी विसरले, पण लेकराचा जीव माझ्या आठवणीला टांगलेला नव्हता. तो ज्याच्या हातात होता, तो विसरला नाही. माझं दोन वर्षांचं मागणंही त्याच हातात आहे म्हणायचं. आज एवढंच म्हणवतंय.

मघाशी दिवा मालवून गुडघे टेकले. म्हटलं, आता तरी नाव घेऊन बोलावं. तर नावच येईना. सहा वर्षांचं पोर, जन्मल्यापासून समोर राहतंय. सगळे छोटू म्हणतात, मीही छोटूच म्हणते. शेवटी 'समोरच्या काकूंचा नातू' असं म्हटलं आणि ताप पुन्हा येऊ देऊ नकोस म्हणाले.

उठून एक धपाटा खाल्ला. गार झाला होता, तरी चांगला लागला.

डबा रिकामा द्यायचा नसतो, सकाळी शिरा करीन. काकूंना खरं काय ते सांगायचंय. ते कसं सांगायचं ठरलेलं नाही. पण आधी त्याचं नाव विचारायचंय.